व्हॉल्व्हवर बसणारा टीपीएमएस संच: हवा बरोबर मोजतो, पण वॉशर आणि शिळ्या आकड्यावर लक्ष ठेवा

रेडियल टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असली काय आणि २६ असली काय, दिसायला तो जवळजवळ सारखाच. जमिनीला टेकलेली बाजू थोडी फुगलेली असतेच. त्यामुळे नुसतं बघून किंवा बुटाने टोचून काही कळत नाही. टायर बसलाय हे डोळ्यांना कळेपर्यंत निम्मी हवा गेलेली असते. तसाच तो काही किलोमीटर दामटला की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून घासली जाते आणि काळी भुकटी पडते. रिमवरून टायर उतरवल्यावर पंक्चरवाला आधी हीच भुकटी बघतो. ती दिसली की पंक्चर काढून उपयोग नाही, टायरच बदलायचा. दोनशे रुपयांत मिटणारं काम पाच-सात हजारांवर जातं ते असं.

या परीक्षणाचा विषय म्हणजे बाहेरून लावायचा टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीमचा (टीपीएमएस) संच: व्हॉल्व्हवरच्या प्लास्टिक टोपीच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा सोलर डिस्प्ले. साधारण दोन ते चार हजारांत मिळतो. नावं डझनभर आहेत, आतला माल बराचसा एकाच जातीचा. म्हणून इथे ब्रँड न बघता हा प्रकार कुठे कामाला येतो, कुठे दगा देतो आणि घेतल्यावर काय तपासायचं तेवढंच बघू.

आधी तुमच्या गाडीत कारखान्यातून काही आलंय का ते पाहा. कंपन्या दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने विकतात. किया सेल्टॉससारख्या गाडीत डिस्प्लेवर प्रत्येक चाकाचे पीएसआय दिसतात. तिथे चाकाच्या आत सेन्सर असतो. स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगून यांत आकडा दिसत नाही, फक्त इशारा येतो, कारण चाकात सेन्सरच नाही. ती गाडी एबीएस ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून अंदाज बांधते. टाटांच्या बऱ्याच गाड्यांत ‘आयटीपीएमएस’ लिहिलेलं असतं, त्यातला आय हा ‘इनडायरेक्ट’चाच.

हा अंदाज बांधायची रीत हुशारीची आहे. हवा कमी झाली की चाकाची फिरण्याची त्रिज्या किंचित घटते. तेवढंच अंतर कापायला ते चाक बाकीच्या तिघांपेक्षा थोडं जास्त फिरतं. ‘किंचित’ म्हणजे खरोखर किंचित. रेडियल टायरच्या आतला पोलादी पट्टा आपला घेर सोडत नाही, त्यामुळे पाव हवा गेली तरी फरक एक टक्क्याच्याही खाली राहतो. वळणावर बाहेरची चाकं तशीही जास्त फिरतात. म्हणून गाडीचा संगणक समोरासमोरची चाकं न जुळवता तिरप्या जोड्या जुळवतो: पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून एक, उरलेली दोन मिळून दुसरी. सलग काही मिनिटं फरक टिकला तरच दिवा लागतो. घाटात किंवा खडीच्या रस्त्यावर तो निकाल द्यायला वेळ घेतो. चारही टायरांतून महिनाभरात सारखीच हवा गेली तर नुसती त्रिज्या बघणाऱ्या यंत्रणेला ते कळतच नाही. नव्या यंत्रणा टायरची थरथरही ऐकतात. फिरत्या टायरची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते, साधारण ४० हर्ट्झच्या आसपास, आणि हवा कमी झाली की ती खाली सरकते. त्यामुळे चौघांची हवा एकदम उतरली तरी पकडता येते.

या प्रकारात घोळ होतो तो रिसेटच्या बटणापाशी. हवा भरली, टायरची अदलाबदल केली किंवा नवा टायर टाकला की मेन्यूत जाऊन ‘आत्ताची हवा हीच बरोबर’ असं गाडीला शिकवावं लागतं. बरेच जण दिवा लागला की आधी रिसेट दाबतात आणि दिवा गेला म्हणून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात २५ पीएसआयचा टायर त्यांनी गाडीला बरोबर म्हणून शिकवलेला असतो. क्रम पक्का ठेवा: टायर थंड असताना चारही चाकांत हवा, मग रिसेट. आणि घोड्याच्या नालासारखं चिन्ह, त्यात उद्गारचिन्ह, हा दिवा सरळ लागून राहिला तर हवा कमी आहे. गाडी चालू करताच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर हवेचा प्रश्न नाही, यंत्रणाच बिघडली आहे.

चाकातल्या कारखानी सेन्सरचं काम सरळ आहे. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला २५-३० ग्रॅमचा डबा असतो. त्यात दाब मोजणारी सिलिकॉनची चिप, तापमान सेन्सर, चाक फिरतंय का हे ओळखणारा अॅक्सिलरोमीटर आणि लिथियम बॅटरी. गाडी पळायला लागली की तो जागा होतो आणि मिनिटाभराच्या अंतराने ४३३.९२ मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बॅटरीची स्थिती पाठवतो. हवा झपाट्याने जायला लागली तर पाळीची वाट न बघता लगेच ओरडतो. गाडी उभी असली की बॅटरी वाचवायला झोपतो. म्हणूनच सकाळी किल्ली फिरवल्यावर दिसणारा आकडा कधीकधी कालचा असतो. सात-दहा वर्षांनी बॅटरी संपते, आणि ती रेझिनमध्ये ओतलेली असल्याने अख्खा सेन्सर बदलावा लागतो.

बाहेरचा संच नेमका इथे बाजी मारतो. त्यातले बहुतेक सेन्सर व्हॉल्व्हवर चढले की दाब लागताच जागे होतात आणि गाडी उभी असतानाही ठरावीक अंतराने मोजत राहतात. रात्री पार्किंगमध्ये बारीक पंक्चरने ३३ चे २४ झाले असतील तर सकाळी दार उघडताना गाडी जराशी हलून डिस्प्ले जागा झाला की चाक फिरायच्या आधी आकडा समोर. शहरात ज्यांच्या टायरमध्ये वर्षाला दोन-तीन खिळे जातात त्यांच्यासाठी पैसे इथेच वसूल आहेत. खिळा घुसलेला ट्यूबलेस टायर एकदम बसत नाही, दिवसाला दोन-चार पीएसआय सोडतो. असला बारीक पंक्चर चार चाकांतल्या एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा रोज मागे पडताना पाहून दोन दिवसांत ओळखता येतो. अलार्मची वाट बघायलाच लागत नाही.

बसवायचं कसं

गाडी किमान तीन तास उभी असू द्या. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर जो कोल्ड प्रेशर दिलाय तेवढीच हवा भरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो बघून भरू नका. डिस्प्ले यूएसबीने पूर्ण चार्ज करा, सोलर नंतर आहेच.

मग मर्यादा. बहुतेक संचांत कारखान्यातून खालची मर्यादा २६ पीएसआयच्या आसपास आणि वरची ४५ च्या आसपास ठेवलेली असते. स्टिकरवर ३३ असेल तर २६ ला येणारा अलार्म फार उशिरा वाजतो. खालची २८ करा. वरची ४२ पुरे: ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर महामार्गावर आतून ६० अंशांना गेला तर दाब ३८ च्या जवळ जातो, आणि तेवढं चढणं अगदी ठीक आहे. गरम टायरमधून हवा सोडायची चूक मात्र करू नका, थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळी मर्यादा लावता येते का ते घेतानाच बघा. सात जणांच्या गाडीत पूर्ण भार असेल तर मागे जास्त हवा लागते, आणि एकच मर्यादा असलेला संच तिथे सारखा बोंब मारतो.

सेन्सरवर कोणत्या चाकाचा ते लिहिलेलं असतं, अदलाबदल करू नका. व्हॉल्व्हची टोपी काढून आटे कापडाने पुसा. सोबत आलेला षटकोनी नट आधी चढवा, मग सेन्सर हाताने फिरवा. क्षणभर फुस्स आवाज येऊन थांबतो: सेन्सरने व्हॉल्व्हची पिन दाबली आणि त्याचा रबरी वॉशर बसला. हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका, वॉशर चिरतो. नट उलटा वर आणून सेन्सरला भिडवून सोबतच्या पान्याने आवळा. हा नट चोरी अडवतो थोडी, पण मुख्य म्हणजे सेन्सर सैल होऊ देत नाही. शेवटी साबणाचं पाणी टाकून मिनिटभर बघा. एक बुडबुडाही चालणार नाही.

बुडबुड्याचा एवढा बाऊ कशाला? कारण सेन्सर बसला की व्हॉल्व्हची पिन कायमची दाबलेली राहते. तुमच्या टायरची हवा आता व्हॉल्व्हने अडवलेली नसते, सेन्सरच्या दोन-तीन रुपयांच्या वॉशरने अडवलेली असते. हवा जातेय हे सांगायला आणलेली वस्तू स्वतःच हवा घालवते, ही या संचाबद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती खरी आहे. हवा भरताना दरवेळी सेन्सर काढला-घातला जातो, वॉशर दबतो, कडक होतो. सोबत जादा वॉशर आले नसतील तर तो संच सोडा. वर्षाला चारही वॉशर बदला.

दुसरा प्रश्न व्हॉल्व्हचा. सेन्सर दहा ग्रॅमचा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ताशी १०० किलोमीटरला चाकाच्या मधापासून १९ सेंटीमीटरवर बसलेल्या वस्तूला दीडशेपट वजन येतं. दहा ग्रॅमची टोपी तिथे दीड किलोच्या ओढीने रबरी व्हॉल्व्हचा दांडा बाहेरच्या बाजूला वाकवते. सरळ रस्त्यावर तासभर. समृद्धी महामार्गावर, जिथे कारला १२० ची परवानगी आहे, ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास २२० पट. नवा रबर हे सोसतो. चार-पाच वर्षं ऊन खाल्लेला, बुडाशी भेगा पडलेला सोसत नाही, आणि व्हॉल्व्ह बुडाशी फाटला तर हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह अंगठ्याने वाकवून बुडाशी बघा. भेग दिसली तर बदला. महामार्गावर नियमित जाणाऱ्यांनी धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाकून घ्यावेत आणि सेन्सर चढवल्यावर व्हील बॅलन्सिंग करून घ्यावं. हा खर्च संचाच्या किमतीत धरूनच हिशोब करा.

धातूचा व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल तर वेगळीच काळजी. पितळी आटे आणि अॅल्युमिनियम खाऱ्या दमट हवेत एकमेकांना धरतात. रत्नागिरी-मालवणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षभर न काढलेला सेन्सर काढताना व्हॉल्व्हचा दांडाच तुटून हातात येऊ शकतो. दोन महिन्यांतून एकदा सैल करून, पुसून परत बसवा. हवा तपासायचं काम त्यातच उरकतं.

स्टीलच्या चाकावर प्लास्टिकचं कव्हर असेल तर भोकातून नट आणि पाना जातो का तेही बघून ठेवा. पुष्कळ ठिकाणी जात नाही, आणि मग नटाशिवायच सेन्सर ठेवावा लागतो.

आकडा किती खरा

खोक्यावर साधारण १.५ पीएसआय इकडेतिकडे होईल असं लिहिलेलं असतं आणि बरे संच त्यात बसतात. पण पुण्याच्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली: ‘गेजपेक्षा एक पीएसआय कमी दाखवतो.’ यात बिघाड असेलच असं नाही. काही सेन्सर एकूण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा हवेचा दाब, १४.७ पीएसआय, वजा करून दाखवतात. पुणे ५६० मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाबच जवळपास एक पीएसआय कमी. हातातला गेज तिथली हवा धरून मोजतो, सेन्सर मुंबईची धरून. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ही तफावत दोन पीएसआयच्या वर जाते. चारही चाकांत तफावत सारखी असेल तर सेन्सर ठीक आहेत असं समजा. एकच चाक वेगळं बोलत असेल तर त्या व्हॉल्व्हकडे बघा. पिन खोल बसली असेल तर सेन्सर ती पुरती दाबत नाही आणि शून्य किंवा भलताच आकडा येतो. व्हॉल्व्हचा आतला कोअर (पिन असलेला सुटा भाग) बदलला की काम होतं, सेन्सर परत पाठवायची गरज नसते.

ऋतूचा फरकही धरा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दीड पीएसआय कमी होतात. नागपुरात मेमध्ये दुपारी ४३ अंशांना ३३ भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १३ अंशांना साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. पंक्चर नसताना. त्या सकाळी अलार्मच्या काठावरचा आकडा खोटा नसतो. टायरला खरंच हवा हवी असते.

तापमानाचा आकडा मात्र या संचातली सजावट आहे. सेन्सर बाहेर वाऱ्यात लटकतोय, टायरच्या आतली गरमी त्याला कळत नाही. तो दाखवतो ती बाहेरची हवा आणि थोडी ब्रेकची धग. ७० अंशांच्या अलार्मवर विसंबून राहू नका. तापमान खरंच हवं असेल तर आत बसणारे सेन्सर घ्या. त्यासाठी टायर उतरवावा लागतो, बॅलन्सिंग करावं लागतं, आणि पुढे प्रत्येक पंक्चरवाल्याला ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या जागी बीड (टायरची रिमवर बसणारी कड) दाबू नको’ हे सांगावं लागतं. पंक्चरचं लिक्विड आत टाकलंत तर सेन्सरचं बारीक छिद्र बुजतं.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी खोक्यावर लिहिलेली नसते. सेन्सरची बॅटरी संपली किंवा पाणी शिरून तो मेला तर डिस्प्ले काय करतो? चांगला संच काही वेळाने आकडा पुसून रेघा दाखवतो आणि आवाज देतो. वाईट संच शेवटचा आलेला ‘३३’ तसाच ठेवतो, आणि मग टायर रिकामा झाला तरी पडद्यावर सगळं आलबेल. परत करायची मुदत संपायच्या आत हे करून बघा: एका सेन्सरचं झाकण उघडून आतली सीआर १६३२ बॅटरी काढा आणि तासभर गाडी चालवा. आकडा टिकून राहिला तर संच परत. बॅटरी परत घालताना रबरी ओ-रिंग खाचेत नीट बसली पाहिजे. कार वॉशिंगच्या प्रेशर गनचं आणि पावसाळ्यातलं पाणी तिथूनच शिरतं.

अलार्म वाजतो का हे बघायला टायरची हवा सोडायची गरज नाही. खालची मर्यादा ३३ च्या वर, म्हणजे ३५ ला न्या. काही मिनिटांत चारही चाकांचा कलकलाट झाला पाहिजे. मग मर्यादा परत २८. लांब गाडीत मागच्या डाव्या चाकाचा सिग्नल अधूनमधून गायब होत असेल तर डिस्प्ले डॅशकॅमच्या आणि स्वस्त चार्जरच्या शेजारून हलवून बघा. त्यांचा रेडिओ गोंगाट बऱ्याचदा आड येतो.

डिस्प्लेबद्दल दोनच गोष्टी. सोलर असल्याने तो काचेला टेकवून उन्हात ठेवायचा असतो, आणि त्याच उन्हात बंद गाडीतली लिथियम बॅटरी फुगते. उन्हाळ्यात गाडी उघड्यावर उभी करणार असाल तर उचलून ग्लव्ह बॉक्समध्ये टाका. सोबतचा चिकटपट्टीचा गोंदही एप्रिलनंतर पाघळतो.

टायर फुटण्याबद्दल मात्र गैरसमज नको. कमी हवेवर पळून टायर तापून फुटतो, ते हा संच टाळू शकतो. आठ वर्षं जुना, कडक झालेला, फुगवटा आलेला टायर ३३ पीएसआयवर फुटला तर आकडा फुटायच्या क्षणापर्यंत ३३ च असेल. त्यासाठी साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर.

राहिला स्टेपनीचा प्रश्न. जुलै २०२० च्या नियमबदलाने साडेतीन टनांपर्यंतच्या, चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. ती तशी कारखान्यातून आलेल्या गाडीसाठी. बाजारातला संच लावून स्टेपनी घरी ठेवू नका, फाटलेल्या साइडवॉलला किट चालत नाही. काही संचांत पाचवा सेन्सर स्टेपनीसाठी म्हणून पाचशे-सातशे जास्त घेऊन देतात. एर्टिगासारख्या गाडीत स्टेपनी बुडाखाली टांगलेली असते, तिथे सेन्सरला फक्त चिखल मिळतो आणि वॉशरमधून हवा जायची आणखी एक वाट तयार होते. चारच सेन्सरचा संच घ्या. वाचलेल्या पैशांत हातात धरायचा डिजिटल गेज येतो, आणि स्टेपनी महिन्यातून एकदा त्यानेच मोजायची, स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवून.